रत्नप्रभाचं 'यस सर'

रत्नप्रभा अंधेरीच्या एका ऑफिसात बारा वर्षं साफसफाई करत होती. काम चोख, पण एक खोड होती. साहेब इंग्रजीत काहीही बोलले, की समजो न समजो, "यस सर!" गेल्या वर्षी साहेबांनी फोनवर सांगितलं, रविवारचं फरशीचं पॉलिश 'पुट ऑफ' करा. ही "यस सर" म्हणाली आणि रविवारी सफाईच्या सगळ्या बायकांना बोलावून फरशी लख्ख करून मोकळी झाली. काम पुढे ढकलायचं होतं! सुपरवायझरची जागा हातातोंडाशी आली होती, ती गेली.

यंदा जागा पुन्हा निघाली. घाटकोपरच्या घरी लेक चेतना तिला इंग्रजी शिकवायला बसली. इंग्रजांचंही एक त्रांगडंच. साध्या क्रियापदाला इवलंसं शेपूट लावायचं, की अर्थ भलतीकडे. रत्नप्रभाला पाठांतर जमेना.

"आई, घोकू नकोस गं. काम करता करता बोल ना," चेतना वैतागली.

मग तसं सुरू झालं. गॅस बंद केला, 'टर्न ऑफ'. साखर संपली, 'रन आउट'. नणंद न कळवता टपकली, 'टर्न अप'. नणंदेला कळलं नाही, हे बरंच झालं.

मुलाखतीला नवे साहेब होते, अनिरुद्ध सर. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, साबण 'रन आउट' झाला तर?

"नो रन आउट, सर. आय फिल अप बिफोर."

साहेब हसले. मग म्हणाले, क्लायंटला शनिवारची सफाई 'डू अवे विथ' करायची आहे, चालेल ना?

हे शेपूट तर दुहेरी निघालं. 'यस' ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात ती लख्ख फरशी आठवली. लाज वाटली, फार वाटली, तरी तिने सांगून टाकलं, "सर, हे नाही कळलं मला. सांगा ना."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कायमची बंद करायची. सकाळपासून तिघं येऊन गेले, तिघंही यस म्हणाले. पुढचं विचारलं तर एकालाही अर्थ माहीत नव्हता."

"मग नो, सर," रत्नप्रभा ठसक्यात म्हणाली. "शनिवार बंद केला तर सोमवारी संडासात पाऊल ठेववणार नाही."

संध्याकाळी चेतनाने दारातच विचारलं, "सगळं आलं ना गं?"

"एक नाही आलं," चपला काढत रत्नप्रभा म्हणाली. "तसं सांगितलं, म्हणून तर जागा मिळाली."