ब्रिगेडियर घाबरतात तेव्हा

वसुधाताई सोहोनी यांची माझी पहिली भेट गुरुग्राममधल्या एका उंच इमारतीत झाली. ‘चौकी नंबर नौ’ या हिंदी मालिकेचं पहिलं वाचन तिथे नवव्या मजल्यावर होतं. दूरच्या एका चंद्रावर तैनात असलेल्या लष्करी तुकडीची ही गोष्ट. आम्ही सगळे लिफ्टने वर पोहोचलो आणि ताईंची वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने जिन्याचं दार उघडून त्या आत आल्या. घामाने डबडबलेल्या, धाप लागलेली. “माफ करा,” त्या म्हणाल्या, “मी लिफ्टमध्ये चढत नाही. बंद जागेत मला गुदमरतं.” दिल्लीच्या मराठी रंगभूमीवर चाळीसेक वर्षं वावरलेल्या या बाईंनी ते इतक्या सहजपणे सांगितलं, की हसायला कुणी धजावलं नाही.

ताई मालिकेत ब्रिगेडियर होत्या, मी त्यांच्या हाताखालचा शिपाई. सहावा भाग जवळजवळ आम्हा दोघांचाच होता. चौकीवर हल्ला होतो, जखमी शिपायाला घेऊन ब्रिगेडियर एका छोट्या यानातून निसटतात, यान बिघडतं आणि आतली हवा संपत जाते. दिग्दर्शिका ऋचा हिने लिहिलेल्या संवादांत ब्रिगेडियर शेवटपर्यंत निडर होत्या. ताईंना ते पटलं नव्हतं. “ऋचा, जिला भीतीच वाटत नाही तिच्या हाताखाली माझ्या मुलाला मी कधी पाठवणार नाही,” त्या म्हणाल्या. पण ऋचाला कणखर बाई हवी होती. ताईंनी वाद वाढवला नाही.

चित्रीकरण नोएडातल्या एका शेडमध्ये होतं. यान प्लायवूडचं, जेमतेम दोन माणसं आडवी मावतील एवढं. दार बाहेरून बंद व्हायचं. ते बघितल्याबरोबर ताईंचा चेहरा उतरला. तरी पदर खोचावा तसा त्यांनी गणवेशाचा पट्टा आवळला आणि आत शिरल्या.

दुपारी, तिसऱ्या टेकच्या मधोमध, बाहेर काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि दिवे गेले. क्षणभर मला वाटलं, हा प्रसंगाचाच भाग असेल. मग जळक्या वायरचा वास आला. बाहेर कुणीतरी ओरडलं, “आग लगी है, निकलो सब!” पळणाऱ्या पावलांचे आवाज आले, आणि थांबले. मी दारावर लाथा घातल्या. दार हललं नाही. फटीतून धूर आत यायला लागला.

मी किंचाळत होतो. अंधारात ताईंचा हात माझ्या मनगटावर आला.

“सलील, मला फार भीती वाटतेय,” त्या मराठीत म्हणाल्या. “तुलाही वाटतेय ना?”

“हो, ताई.”

“मग दोघं मिळून घाबरू. एकट्याने नको. तोंडावर रुमाल धर. आणि सांग, भीतीला मराठीत आणखी कोणते शब्द आहेत?”

मी दिल्लीत, आर. के. पुरममध्ये वाढलेला, माझं मराठी घरापुरतं. “डर,” मी म्हणालो.

“ते हिंदी झालं. धास्ती. पुढचा सांग.”

“माहीत नाही, ताई. प्लीज!”

“धडकी.”

“म्हणजे काय?”

“छातीत आत्ता वाजतंय ना, ते.” त्यांना जोराचा खोकला आला. मग त्या म्हणाल्या, “आता दोघं मिळून दार वाजवू. थांबायचं नाही.”

आम्ही वाजवत राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. अखेर बाहेरून पहारीचा घाव बसला. सेटवरचे सुतार इरफानभाई आमचा आवाज ऐकून परत फिरले होते. त्यांनी दार उचकटलं आणि आम्हाला ओढून बाहेर काढलं.

उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर ताई बसल्या होत्या. चहाचा कप त्यांना धरवत नव्हता. माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

निर्मात्यांनी तो प्रसंग गाळायची तयारी दाखवली. ताईंनी नको म्हटलं. आठवडाभराने त्या अटी घेऊन आल्या: दार आतूनही उघडता यावं अशी कडी हवी, अग्निशमन दलाचा माणूस सेटवर हवा, आणि हे दोन्ही यापुढे प्रत्येक कलाकारासाठी हवं. शेवटची अट संवादाची होती. शिपाई विचारतो, “मॅडम, आपको डर लग रहा है?” मूळ उत्तर ‘नहीं’ होतं. ताईंना त्या जागी हवं होतं, “हाँ. बहुत. तू बोलता रह.” या वेळी ऋचाने एका शब्दानेही विरोध केला नाही. मालिका बघणारे आज ज्या भागाविषयी भरभरून बोलतात, तो हाच. त्यात ताईंचे कापणारे ओठ दिसतात, तो अभिनय नव्हे. मी शेजारीच होतो.

त्या आगीनंतर मला न्हाणीघराचं दारही लावता येईना. ताईंना कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. आर. के. पुरममधल्या त्यांच्या मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये दार सताड उघडं ठेवून मऊ भात आणि मेतकूट वाढलं, आणि म्हणाल्या, “चल, मेट्रोने जाऊ. मीही जमिनीखालून कधी गेले नाही. फक्त मुनिरकापर्यंत.” एकच स्टेशन. डबा बोगद्यात शिरला तेव्हा दोघांनी डोळे मिटले होते. परत चालत आलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, आणि तेव्हा मी डोळे उघडे ठेवले. ताईंनी मात्र मिटलेलेच ठेवले. तरी त्या आल्या, माझ्यासाठी.

गेल्या वर्षी पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांचा छोटा सत्कार झाला. तिथे एक निवृत्त सुभेदार उभे राहिले. “ताई, आमच्या साहेबांनी एकदा तरी ‘मलाही भीती वाटते’ असं म्हटलं असतं तर,” एवढंच बोलले आणि खाली बसले. ताई व्यासपीठावरून उतरल्या, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढचं सत्काराचं भाषण झालंच नाही. सुभेदार हळूहळू बोलत गेले, त्या ऐकत राहिल्या.

वसुधाताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज असाच खणखणीत राहो, आणि उदंड आयुष्य त्यांच्या वाट्याला येवो. ही प्रार्थना करताना माझा स्वार्थही सांगून टाकतो. जग दिवसेंदिवस भयाण होत चाललं आहे, आणि अशा वेळी शेजारी कोण बसलं आहे, याला फार महत्त्व असतं. ताई, तुम्ही अजून पुष्कळ वर्षं आमच्या शेजारी बसा.