टेम्पोतली जास्तीची पोरगी

ही फजिती ऐकायची असेल तर आधी चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

आम्ही न्हावऱ्याच्या काही जणी बांधकामावरच्या मजुरांची मुलं झेडपीच्या शाळेत बसवतो. आईबाप बिहारचे नाहीतर यूपीचे. अनोळखी बाईच्या हाती आपलं पोर कोण देईल, सांगा बरं? रांजणगावच्या एका साइटवर मी चकरा मारमारून थकले, तेव्हा कुठं चार मुलं तयार झाली.

त्या दिवशी दिराचा दुधाचा टेम्पो घेऊन गेले. मुलं चढली. बघते तर वाळूच्या ढिगावर आणखी एक पोरगी. केसांपासून पायांपर्यंत नुसती वाळू. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, "बेटा, स्कूल आएगी क्या?"

"हो," ती म्हणाली.

बघा, किती लवकर मराठी शिकली! मला कौतुकच वाटलं. नाव विचारलं तर आर्या. आपणहून टेम्पोत चढलीसुद्धा. तिच्या आईला विचारायचं तेवढं राहिलं. म्हटलं, असेल इथल्याच कुणाची तरी, आल्यावर सांगू.

मुलं वर्गात बसली. बाई खूश, मी त्याहून खूश. व्हरांड्यात चपला घालतेय तोवर साइटच्या वॉचमन आप्पांचा फोन.

"ताई, घोटाळा झालाय. केडगावचं पाव्हणं फ्लॅट बघाया आल्यात, त्यांची पोरगी घावंना. तुमी या बरं बिगीनं."

माझ्या डोळ्यांपुढं स्वच्छ फ्रॉक, दोन वेण्या, पायांत बूट अशी पोरगी उभी राहिली. वाळूतली आर्या मनातसुद्धा आली नाही. तशीच टेम्पोत बसले आणि साइट गाठली.

तिथं सगळी कामं थांबलेली. आई "चिऊ, चिऊ" करत रडतेय, वडील धापा टाकत जिने चढतायत. मी पदर खोचला आणि शोधाशोध हातात घेतली. सिमेंटच्या खोलीत बघा, प्लायच्या मागं बघा, लिफ्टच्या खड्ड्यात बघा. पाण्याच्या टाकीत आप्पांनी बांबू फिरवला तेव्हा मात्र मी डोळे मिटून घेतले. टाकीत काही नव्हतं.

आणि वर मी त्या आईला काय म्हणाले असेन? "अशा जागी लेकराला मोकळं सोडायचं असतं का हो? कुणी उचलून नेली म्हणजे?"

बिचारी आणखीच रडायला लागली.

माझ्याबरोबर शोधत होती सुनीता, विटा वाहणारी. आपली मुलगी शाळेत पाठवायला तिनं साफ नकार दिला होता. आता तर तिनं मुलीचा हात गच्च धरला होता. मला वाटलं, संपलं. यापुढं इथून एक पोर शाळेला मिळायचं नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "फोटू हाय का मोबाइलमदी?"

आईनं मोबाइल पुढं केला. स्वच्छ फ्रॉक, दोन वेण्या. नाक मात्र ओळखीचं वाटलं. मी मनातल्या मनात त्या फोटोवर थोडी वाळू टाकली.

"हिचं खरं नाव काय हो?"

"आर्या. घरी चिऊ म्हणतो."

"हिला... हिला मी शाळेत बसवून आलेय."

आप्पांनी हातातला बांबू खाली ठेवला, तेवढं बरं झालं.

आईवडिलांना बसवून टेम्पो शाळेकडं पळवला. चिऊ मांडी घालून शाळेची खिचडी खात होती. आईनं तिला उचलून छातीशी धरलं. वडील पायरीवर बसले आणि गटागटा पाणी प्यायले. मी हात जोडून माफी मागत होते. आता हे काय बोलणार म्हणून जीव मुठीत धरून उभी, तर चिऊ म्हणाली, "आई, मी उद्या पण येऊ?"

वडिलांना हसू फुटलं. "राहू द्या ताई. पोरगी सापडली, बास झालं."

तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

साइटवर परतले ती मान खाली घालूनच. सुनीता समोर आली, मुलीला पुढं करत म्हणाली, "कल से ये भी जाएगी."

मला कळेना. म्हटलं, "इतना होने के बाद भी?"

"दीदी, बच्चा तुम ले जाती हो, ढूँढने भी तुम ही आती हो. फिर डर किस बात का?"