तारेने बांधलेली चादर

स्तोशिया मावशीचं निम्मं आयुष्य डोंगराकडे मान वर करून गेलं. तिचा नवरा, आमचे ग्रगोकाका, वेलेबित डोंगराच्या कड्यावर गिर्यारोहकांसाठी असलेला निवारा सांभाळत. वर फोन नव्हता. रोज सकाळी काका कठड्यावर पांढरी चादर टांगत आणि चर्चच्या दुपारच्या घंटेला काढत. खाली बंदरावरून ती दिसली की मगच मावशी चूल पेटवी. चादर आहे म्हणजे माणूस बरा आहे, एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्या ऑक्टोबरात एका सकाळी डोंगरमाथ्यावर ढगांची टोपी बसली. म्हणजे बुरा, डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा गार वारा, येणार, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. कोळ्यांनी होड्यांना दुहेरी दोर बांधले. वारा सुटला, घंटा होऊन गेली, तरी वर चादर फडफडतच होती.

“मजेत आहे तुझा नवरा,” जाळं आवरत पाश्को तिला म्हणाला. “उगाच तोंड पाडून बसू नकोस.”

“बुऱ्यात धुणं बाहेर कोण ठेवतं रे?”

आदल्या वर्षी चादर वाऱ्याने पळवली, तेव्हा मावशीने टोमणे मारून काकांना नकोसं केलं होतं. तेव्हापासून ते चिडून चादर तारेने बांधत. आता ती उडणार नव्हती, आणि वर काही बरंवाईट झालं तरी गाव निर्धास्त राहणार होतं. मावशीचं धाबं दणाणलं. कुणाला न विचारता ती चढायला लागली. मी तिची सख्खी भाची, पाय मागे कसा घेणार?

घळीत वारा असा अंगावर येई की आम्ही दगड धरून रांगत होतो. अर्ध्या वाटेवर विसाव्याचे दगड लागले. वरच्या वस्त्यांमधून प्रेत खाली आणताना ते फक्त इथेच जमिनीला टेकवतात, उशाला आणि पायथ्याला दगड उभे करतात. मी तिथे बसायला गेले. मावशीने दंडाला धरून मला ओढलं. मग मागे न बघता ती भराभर चढत राहिली.

काका पाण्याच्या टाकीपाशी पडलेले होते. चादर टांगून पाणी काढायला गेले आणि घसरले. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते.

“चादर दिसत होती ना खाली? मला वाटलं, आता कोण कशाला येतंय,” काका पुटपुटले.

आम्ही त्यांना ओढत आत नेलं, विस्तव केला. मग मावशीने बाहेर जाऊन तार सोडली आणि चादर घरात आणली. सकाळी कठडा मोकळा दिसला तसा पाश्को तिघांना घेऊन धापा टाकत वर आला.

निवाऱ्याचं दार काढून त्यावर काकांना निजवून त्यांनी उतरायला सुरुवात केली. वारा अजून पडला नव्हता. विसाव्याच्या दगडांपाशी चौघांचेही हात भरून आले. पाश्को म्हणाला, घटकाभर खाली ठेवू.

“इथे नाही,” मावशी म्हणाली.

“दमलीत गं पोरं,” काका कण्हत म्हणाले. “ठेवू दे की.”

“तुम्ही गप्प पडा.” तिने पाश्कोला बाजूला सारलं आणि त्याच्या बाजूचा कोपरा स्वतःच्या खांद्यावर घेतला. “माझा माणूस जिवंत आहे. चला पुढे.”