सैल दोरीवरचा पाळणा

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. झाशीत पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. कुणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं, की मी आधी त्याचं बीपी विचारते. आई म्हणते, "हिला देव दिसला तरी ही त्याची वायर कुठून आलीय ते बघेल." खरंच आहे ते... म्हणून तर हे लिहायला इतका वेळ लावला.

गोष्ट माझ्या भाचीच्या बारशाची. दादाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं, मधे दोनदा निराशा पदरी आलेली. त्यामुळे वहिनी पोरीला क्षणभरही नजरेआड करत नव्हती. बारशाला बाळ पाळण्याखालून मीच देणार, हा तिचा हट्ट. पण सिझरचे टाके, डॉक्टरीणबाईंनी वाकायला मनाई केलेली. मग आत्याबाईंचं, म्हणजे माझं, डोकं चाललं — बाळंतीण वाकू शकत नाही ना, मग पाळणाच वर घेऊ.

आमचं घर लक्ष्मी तालाच्या, म्हणजे इथल्या तळ्याच्या, बाजूला. हॉलच्या छताला एक भक्कम हुक आहे. त्याला कप्पी लावली, पाळण्याची दोरी कप्पीवरून भिंतीपाशी आणली आणि एका स्टेपर मोटरच्या रिळावर गुंडाळली. ही मोटर पाऊल-पाऊल फिरते आणि सांगाल तिथे थांबते. पण एक लक्षात घ्या, पुढचं सगळं यावरच आहे — थांबलेली असतानाही ती वीज खात असते. विजेच्या जोरावरच ती वजन धरून ठेवते, बारीक गुणगुणते, तापतेही. वीज काढली की पकड गेली. मग तिचा दांडा बोटांनीही फिरतो, नुसता कट्-कट् अडखळत.

बारशाच्या सकाळी घर भरलं होतं. आमची मराठी बायकामंडळी थोडी, बाकी शेजारपाजारच्या. रिवाजाप्रमाणे आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवला. सागवानी पाळणा आणि त्यात तो दगड. मी पाळणा छातीपर्यंत वर घेतला, मोटर तिथे थांबवली आणि वहिनीनं खालून पोरीला पुढे केलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..." पलीकडे शेजारच्या तिवारी भाभीजी हात पसरून उभ्या होत्या. "लाओ बहू, इधर दो," म्हणत होत्या.

आई गुडघ्यांमुळे स्विचबोर्डापाशी खुर्चीवर बसलेली. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर पाहुण्यांसमोर दादाला झापणारी ही बाई. तिच्या कानावर मोटरची गुणगुण गेली. "फिरत तर नाहीये, मग उगीच कशाला जळतेय ही?" म्हणाली आणि खट्कन बटण बंद केलं.

गुणगुण थांबली. पोर बरोबर पाळण्याखाली होती. रीळ धरायला झेपावले... आणि दांडा माझ्या बोटांत फिरला. कट्-कट्-कट् — पूर्ण सुटलेला. दोरी ढिली पडून तिचा झोळ माझ्या मनगटावर आला. वर पाहिलं. कप्पीपासून पाळण्यापर्यंतची दोरीही सैल होऊन लोंबत होती. आणि पाळणा जागच्या जागी. हलतसुद्धा नव्हता.

भाभीजींनी पोरीला घेतलं, छातीशी धरलं आणि मागे सरकल्या. वहिनीचे हात बाहेर आले. मग पाळणा खाली आला, धप्पकन. वरवंटा सतरंजीवर गडगडत गेला. बायका हसायला लागल्या. "अरे, पलना भी जल्दी में है," कुणीतरी म्हणालं. मी भिंतीला टेकून उभी होते. नाव तर मलाच सांगायचं होतं. पोरीच्या कानात "रेवा" म्हणाले, बायकांनी पाठीत धपाटे घातले, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आत्याचा किती जीव आहे बघा.

दुसऱ्या दिवशी तोच पाळणा, तोच वरवंटा, खाली उशा रचून पुन्हा करून पाहिलं. बटण बंद केलं की पाळणा खाली. दरवेळी. वीज नसताना दांड्यात जी जराशी ओढ उरते, ती एवढं वजन पेलूच शकत नाही. कप्पी अडकली म्हणाल, तर पाळण्याकडची दोरी ताठ राहिली असती. ती सैल होती, मी या डोळ्यांनी पाहिली.

आईला मी काही सांगितलं नाही. ती अजून ऐकवते, मी लक्ष ठेवलं म्हणून वीज वाचली. मलाही वाटायला लागलं होतं की भास झाला असेल.

पण एका दुपारी वहिनी रेवाला तेल लावत होती. मोटर मी कधीच काढून टाकलेली, पाळणा आता साध्या दोरीनं खाली टांगलेला. लावून झाल्यावर तिनं वाटीत थोडं कोमट तेल मागे ठेवलं आणि ती वाटी पाळण्याखाली सरकवली. मी विचारलं, हे कशाला?

ती रेवाला दुपट्यात गुंडाळत म्हणाली, "वन्सं, दोरी मीही पाहिली होती. केवढा जड पाळणा तो... ज्यानं कुणी धरला, त्याचे हात दुखले असतील ना."

वर्गात मी अजून तेच शिकवते — वीज गेली की पकड गेली. ते खोटं नाही. पण रेवाचं तेल गरम करायची पाळी माझी असते, तेव्हा मी वाटीत दोन चमचे जास्तच घेते.