सशाची वाट

बेल्याकडच्या एका गावात धोंडीबाची सोंगणी सगळ्यांना ठाऊक होती. ज्वारी चहूबाजूंनी कापत आणली की शेवटी वावराच्या मधोमध एक उभा तुकडा उरतो आणि ससे जीव मुठीत धरून त्यातच दडून बसतात. इतर लोक काठ्या घेऊन चारी बाजूंनी घेरतात. धोंडीबा नाल्याकडची बाजू मोकळी सोडायचा. ससा निघाला की पोरांना दटावायचा, "पळून राह्यलेल्याच्या पाठीवर वार नाई करायचा."

हाच नियम तो जगभरच्या लढायांनाही लावायचा. चहाच्या हाटेलात युद्धाचा विषय निघाला की किराणावाले सुधाकरराव बाह्या सरसावत. घरातलं मांजर त्यांना भीत नसे, पण हाटेलात त्यांच्याएवढा शूर कोणी नव्हता.

"लढाईत कायचे नियम, भाऊ? दुश्मन पायते काय नियम?"

"तो नाई पायत म्हनून आपन बी नाई पायाचं? मंग त्याच्यात आन् आपल्यात फरक काय?" धोंडीबा विचारायचा आणि खुशाल बशी तोंडाला लावायचा.

मग त्याचा लेक प्रवीण फौजेत गेला. गेल्या साली सरहद्दीवर पाठ फिरवून पळणारा एक माणूस नेमका त्याच्या निशाण्यात आला. प्रवीणने बंदूक खाली केली. तो माणूस झाडापर्यंत गेला, वळला आणि त्याने गोळी झाडली. प्रवीणचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

लेक कुबडीवर घरी आला, तेव्हापासून धोंडीबा हाटेलाची पायरी चढला नाही. आपणच शिकवलं, आपल्याच शिकवणीने पोराचा पाय नेला, हे त्याच्या काळजात घर करून बसलं. तू मला दोष देतोस का रे, एवढंच लेकाला विचारायचं होतं, पण तोंड उघडत नव्हतं. डोळा लागला की एकच स्वप्न पडे. पांढरं धुकं, त्यात न संपणारी ज्वारी, कणसं हळू आवाजात एकमेकांशी बोलताहेत आणि नाल्याच्या वाटेवर तीन पायांचा एक ससा थांबून मागे वळून बघतोय. मग धोंडीबा झोपायलाच घाबरू लागला.

यंदाची सोंगणी आली. सकाळचं धुकं नाल्यावरून हलत नव्हतं आणि सोंगणाऱ्या बाया त्यात कमरेपर्यंत बुडाल्यासारख्या दिसत होत्या. प्रवीण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, कुबडी टेकून बसला होता. दुपारपर्यंत ऊन पडलं, शेवटचा तुकडा उरला आणि आत काहीतरी सळसळलं.

धोंडीबाने काठी उचलली आणि तो नाल्याकडच्या मोकळ्या बाजूला जाऊन उभा राहिला. बायांचे विळे थांबले. त्याच्या वावरात असं कधी झालं नव्हतं.

"धोंडीबाभाऊ, काय करून राह्यले तुमी?" बयनाबाईने विचारलं.

धुऱ्यावरून प्रवीणचा आवाज आला, "बाबा, वाट सोडा."

"ह्याच वाटेनं तुहा पाय गेला रे!" म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "म्या शिकवलं तुले. माह्याच पायी गेला."

प्रवीणने कुबडी बाजूला ठेवली. "पाय गेला बाबा," तो म्हणाला. "पन झोप येते मले. संगं होते त्यातल्या कितीकाईले येत नाई. त्याईनं पाठीत गोळ्या घातल्या."

धोंडीबाच्या हातातली काठी गळाली. तो बाजूला झाला. ससा निघाला, पिवळ्या धसकटांवरून उड्या मारत नाल्यात उतरला, चारही पायांवर, आणि त्याने मागे वळून बघितलं नाही.

बाया पुन्हा कामाला लागल्या. धोंडीबा धुऱ्यावर लेकाशेजारी येऊन बसला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण कापलेल्या ज्वारीचा गोडसर वास येत होता, विळ्यांचा एकसारखा आवाज चालला होता, आणि भर दुपारी, लेकाच्या खांद्यावर मान टाकून, त्याला झोप लागली.