थरथरता वस्तरा

ज्या हाताच्या बळावर माणूस जन्मभर मिरवला, तोच हात लपवत फिरण्याची पाळी आली, तर त्याने तोंड कुठे दाखवावे?

गल्लीच्या टोकाला दाढी-केसांचे छोटे दुकान होते आणि त्याच्या मालकाला सगळे वस्ताद म्हणत. त्याचा वस्तरा गालावरून असा फिरे, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. आता त्याच उजव्या हाताला थरथर जडली होती. त्याने ती कुणालाही कळू दिली नाही. "वस्तऱ्याचे दिवस सरले, आता मशीनचा जमाना," असे तो हसून सांगे, आणि मशीनच्या घरघरीत हाताची थरथर खपून जाई. लोक म्हणत, "वस्ताद म्हातारपणी मॉडर्न झाला!" तोही हसे, पण त्या हसण्याला आतून वाळवी लागलेली होती.

रोज सकाळी शटर उघडण्याआधी तो प्रार्थना करी. "देवा, एवढा हात स्थिर कर, मग तू सांगशील ते करीन." शब्द गोड, भाव खरा, पण मध्ये तो 'मग' पाचरीसारखा बसलेला. दयाघनाच्या दारात जायचे आणि तिथेही आधी माल दाखवा म्हणायचे, अशी आपली भक्ती! तो हात जोडी, आणि जोडलेले हातही थरथरत.

एके दुपारी बँडमास्तरच्या घरून वहिनी आल्या. बँडमास्तर हा वस्तादचा लहानपणापासूनचा सखा, ट्रंपेट वाजवणारा. दाढीच्या वेळी इतरांना गाल फुगवायला सांगावे लागते. याला कधीच सांगावे लागले नाही. पण पक्षाघाताने त्याची डावी बाजू गेली, तोंड वाकडे झाले. वस्तादने घरी जाऊन एकदाच त्याची दाढी केली. गळ्यावर उलटा हात मारताना, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध वस्तरा नेताना, हात हलला आणि रक्त आले. "पातं खराब निघालं रे," तो म्हणाला. ज्याने जन्मभर पोसले, त्याच पोलादावर त्याने आळ घेतला! त्यानंतर तो ती पायरी चढला नाही.

"भावोजी, उद्या लेक येतेय, किती वर्षांनी," वहिनी म्हणाल्या. "आणि हे म्हणतात, तोंडावर असलं जंगल घेऊन तिच्यासमोर येणार नाही, दारातूनच परत पाठव."

"मग दुसऱ्या कुणाला तरी..."

"आणला होता. दात आवळून बसले, हात लावू देईनात. मशीनही नको म्हणतात. तुमच्याकडे गर्दी फार असते का हो?"

रिकाम्या खुर्च्या दोघांकडे बघत होत्या. वस्तादची मान खाली गेली. "येतो," तो कसाबसा म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने हात समोर धरला. थरथर होतीच, कणभरही उणी नाही. त्याने डोळे मिटले. "देवा, हात असा आहे. मी असा आहे. तू फक्त बरोबर चल." एवढेच म्हणून त्याने पिशवी उचलली.

मास्तर खिडकीजवळच्या पलंगावर होता. वस्तादला पाहताच त्याने तोंड भिंतीकडे वळवले. वस्ताद साबणाचा फेस करू लागला, तर ब्रश वाटीवर टकटक वाजू लागला, थांबेचना.

"मास्तर," शेवटी वस्ताद म्हणाला, "खोटं बोललो मी. पातं चांगलं होतं. माझाच हात थरथरतो. लाज वाटली, म्हणून आलो नाही."

मास्तरने हळूहळू तोंड वळवले. शब्द जड, ओले होऊन आले. "मला वाटलं... माझी लाळ... तुझ्या हातावर पडली. तुला... किळस आली."

वस्तादने वाटी खाली ठेवली. आपली लाज झाकायला त्याने जे पांघरूण ओढले, ते मित्राच्या अंगावरचे होते! इतके महिने तो आपल्या हाताचे दुःख करीत राहिला, आणि इथे त्याचा सखा स्वतःच्या तोंडाला विटत पडून होता.

"मला क्षमा कर रे," तो म्हणाला.

मास्तरने धडधाकट उजव्या हाताने त्याचे मनगट धरले. "कर सुरू. पण... मुंडी शाबूत ठेव. लेक येतेय."

डावा गाल फुगेना. वस्तादने ओठाच्या कडेला दोन बोटे लावून तो ताणला. बोटे लाळेने ओली झाली. ती त्याने काढली नाहीत. करंगळी हनुवटीला टेकवून, केसांच्या वाढीबरोबर, तो वस्तऱ्याचा एकेक आखूड हात मारू लागला. थरथर गेली नाही. ती वाढली की तो थांबे, मनात नाम घेई, पुन्हा टेकवी. हनुवटीखाली एक लाल ठिपका उमटलाच. त्याने निमूटपणे तुरटी लावली.

काम झाल्यावर वहिनींनी आरसा धरला. "बघा आता. लेकीला दारातूनच पाठवू का परत?"

मास्तरने आरशात पाहिले, मग वस्तादकडे. वस्तादला अजूनही नजर वर करवत नव्हती.

"खुर्ची ठेव तिला," मास्तर वहिनींना म्हणाला. "इथं... जवळ."