ताईंच्या यादीतली टिकटिक

माझ्या नणंदेला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, असं लग्नानंतरची पहिली नऊ वर्षं मी छातीठोकपणे सांगत होते. त्या जे ऐकायच्या त्याला संगीत म्हणायलाच माझी तयारी नव्हती. धप् धप् धप् धप्, मध्येच एक शिट्टी, पुन्हा धप् धप्. "ताई, वरच्या मजल्यावर कुणी खिळे ठोकतंय का हो?" असं मी मुद्दाम विचारायचे. त्या हेडफोन एका कानावरून सरकवायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "खिळे ठोकणाऱ्याचा हात एवढा सरळ नसतो गं." आणि हेडफोन परत जागेवर.

ताई शर्टांच्या कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करतात. एकशेवीस मशिनी आणि त्यांना सांभाळायला एकट्या ताई, असं एकोणतीस वर्षं चाललं आहे. लग्न केलं नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर 'वेळ मिळाला नाही' म्हणाल्या असत्या आणि ते खरंही असतं. त्यांच्याकडे हातभर लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर आहे. मशीन कुरकुरायला लागली की त्याचं टोक त्या मशीनच्या अंगाला लावतात, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटतात. दहा सेकंदांत निकाल. "बेअरिंग सुकलंय." "पट्टा सैल आहे." एकदा म्हणाल्या, "ही सुई जेवणाच्या सुट्टीच्या आत मोडणार." सुई सुट्टीला पाच मिनिटं असताना मोडली. कॉलर शिवणाऱ्या बायका त्या दिवसापासून त्यांच्यासमोर जरा जपूनच बोलतात.

हे इलेक्ट्रॉनिक संगीताचं वेडही कारखान्यातच लागलं. चहाच्या खोलीतल्या रेडिओवर कुणीतरी भलतंच स्टेशन लावलं होतं आणि त्यावर सात मिनिटांचा एक ट्रॅक सुरू होता. बाकीच्या बायकांनी 'बंद करा ते' म्हणून ओरडा केला. ताई मात्र कप हातात धरून उभ्याच राहिल्या. सगळ्या मशिनी तंदुरुस्त असल्या की कारखान्याचा जो एक आवाज होतो, महिन्यातून एखाद्या दिवशी आणि तोही पाऊणएक तास, तसा आवाज कुणीतरी मुद्दाम करून ठेवला होता. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मी विषय बदलला, याची मला आजही लाज वाटते.

तर यादी. दर शनिवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसून झालं की ताई सांगायच्या आणि मी लिहायचे, कारण ताईंचं अक्षर ताईंनाही लागत नाही आणि मी पडले शाळेतली लिपिक. आठवड्यात तीस-चाळीस नवे ट्रॅक आणि रीमिक्स त्या ऐकायच्या आणि त्यातले पाच निवडायच्या. प्रत्येक ट्रॅक तीनदा. एकदा बसून, एकदा हाताला काम असताना, आणि एकदा स्वयंपाकघरात उभं राहून, मधलं दार लावून. दाराआडून ऐकताना पाय हलला नाही तर ट्रॅक बाद. त्यांची वाक्यं मी जशीच्या तशी उतरवायचे. 'तीन मजले खाली : पहिली चार मिनिटं काही होत नाही. धीर धरा. पुढे जे होतं ते आधी गुडघ्यांना कळतं.' 'ओला जिना, नवं रीमिक्स : मूळ गाणं घाईत होतं. याने त्याला खुर्ची दिली.' 'सावकाश बंद करा : चांगलं आहे, पण करणाऱ्याला स्वतःचं कौतुक फार. शेवटचं मिनिट सोडून द्या.'

ही यादी कारखान्यात पाण्याच्या फिल्टरशेजारी लागायची. मी आपली मनातल्या मनात हसायचे. पण वर्षभरात बायका मशीनवर बसल्या बसल्या एका कानात हेच वाजवायला लागल्या. काज करणारी एक बाई 'गुडघ्यांना कळलं हो ताई!' असं हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाला ओरडली, तेव्हा सुपरवायझरने यादी फाडली. दुसऱ्या दिवशी त्यानेच नवी मागून घेतली. मग गावातल्या छोट्या रेडिओ स्टेशनच्या निवेदकाच्या कानावर गेलं आणि ताईंना रविवारी सकाळी अकराचा अर्धा तास मिळाला. कार्यक्रमाचं नाव 'ऐकण्याजोगं'. ताई साडी बदलून जायच्या. रेडिओवर साडी कोण बघतंय, असं मी म्हटलं. "मला दिसते ना," म्हणाल्या.

दोन वर्षं सुरळीत चाललं. मग 'पीठ फुगेपर्यंत' आलं.

हे एक रीमिक्स होतं. करणारी मुलगी बेकरीत कामाला. दुपारी सुट्टी झाली की घरी संगणकावर बसायची. तिने एक जुनं, संथ गाणं घेतलं, त्यातले सगळे शब्द काढून टाकले आणि गायिकेचे दोन ओळींमधले श्वास तेवढे ठेवले. त्या श्वासांच्या खाली खोल, गरगरीत ठोके. ताईंनी ते तीनदा नाही, अकरा वेळा ऐकलं. मग रेडिओवर म्हणाल्या, "वर्षातलं सगळ्यात चांगलं काम हे. दुसऱ्या मिनिटानंतर नीट कान द्या. खोल ठोक्याच्या पाठोपाठ एक बारीक टिक आहे, केसभर उशिरा. ती मुद्दाम उशिरा ठेवली आहे. एवढासा उशीर करायला छाती लागते. या मुलीला यंत्र कळतं."

त्यांनी मलाही ऐकायला बसवलं. हेडफोन माझ्या कानांवर आणि समोर त्यांचा चेहरा, लहान मुलीने आपलं चित्र दाखवावं तसा. मला काही टिक ऐकू आली नाही. पुन्हा लावलं. नाहीच. "आली ना?" ताईंनी विचारलं. "हो की! काय मस्त ठेवली आहे," मी म्हणाले. माझ्या नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानेही मान डोलावली. त्याच्या कानात तर हेडफोनही नव्हता, तो पेपर वाचत होता. कारखान्यात सगळ्यांनी तीच री ओढली. काज करणारीने तर वर सांगितलं की टिक डाव्या कानात जास्त स्पष्ट येते.

पुढच्या रविवारी निवेदकाने त्या बेकरीतल्या मुलीलाच स्टुडिओत बोलावलं. मी यादी घेऊन काचेपलीकडे बसले होते. मुलगी छान बोलली. मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीचे जुने चटके, आणि ताईंकडे बघताना चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. माईक बंद झाल्यावर ती बाहेर आली आणि हळूच ताईंना म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका हं. ती टिक कुठली?"

"म्हणजे?"

"मी सगळे थर एकेक करून वाजवून बघितले. दोन दिवस बघत होते. माझ्या ट्रॅकमध्ये तशी टिक नाहीये."

ताई हसल्या. "तुझ्या स्पीकरमध्ये दोष असेल," म्हणाल्या.

पण घरी येऊन त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, तशाच उभ्या राहून ट्रॅक लावला आणि कामाला लागल्या. आधी त्यांचे हेडफोन. टिक आहे. मग माझे. आहे. मग नवऱ्याच्या फोनवरून. आहे. मग स्पीकरवर लावला आणि स्क्रूड्रायव्हर आणला. टोक स्पीकरच्या खोक्याला, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. मी एकोणतीस वर्षांचं हे दृश्य पहिल्यांदाच माझ्या घरात बघत होते. डोळे उघडून त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं स्पीकरच्या जाळीवर ठेवली, ठोके मोजले, आणि मान हलवली. "बोटांना टिक नाही लागत. सगळं बदलून बघितलं, एक मी सोडून," त्या म्हणाल्या. "म्हणजे बिघाड माझ्यात आहे."

मग माझ्याकडे वळल्या. "तुला आली होती ना ऐकू?"

खोटं रेटून न्यावं असं क्षणभर वाटलंही. "नाही, ताई."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्हाला एवढा आनंद झाला होता..."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी मशीनच्या खाली हात घालायच्या आधी विचारते, बटण बंद केलं का," त्या म्हणाल्या. "बसलेली बाई हो म्हणाली की मी हात घालते. बघत नाही मी. एकोणतीस वर्षांत एकदाही बघितलं नाही." एवढं बोलून त्यांनी स्क्रूड्रायव्हर फडक्याने पुसला आणि खोलीत गेल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. या ट्रॅकइतका खोल ठोका आला की ताईंच्या कानातला एक बारीक स्नायू दचकतो आणि त्याची टिक त्यांना ऐकू येते. त्रासदायक, पण घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी गोष्ट डॉक्टरांनी जरा थांबून सांगितली. वरच्या पट्टीचे, बारीक आवाज दोन्ही कानांतून बरेचसे गेले आहेत. मशिनींचा परिणाम. गेलेले परत येत नाहीत. ताईंनी फक्त एवढंच विचारलं, "केव्हापासून?" डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं झाली असतील. म्हणजे यादीतली सगळी वर्षं.

बेकरीतल्या मुलीचा फोन आला. ती टिक खरंच घालून नवी आवृत्ती करते म्हणाली, मनापासून म्हणत होती. "नको गं," ताई म्हणाल्या, "तुझ्या गाण्यात माझं दुखणं कशाला?"

आणि रविवारी अकरा वाजता त्यांनी रेडिओवर सगळं सांगून टाकलं. आवाज जराही कापला नाही. "मी तुम्हाला एक टिक ऐकायला सांगितली होती. ती ट्रॅकमध्ये नाही, माझ्या कानात आहे. ज्यांना ऐकू आली त्यांनी माझं मन राखलं, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आजपासून यादी बंद. ज्याच्या कानाचा भरवसा नाही त्याने दुसऱ्याला काय ऐकावं ते सांगू नये." निवेदक बिचारा काचेतून माझ्याकडे बघत राहिला, मी काही करू शकेन अशा आशेने. चांगल्या माणसांचा हा करारीपणा मला कधी कधी नको होतो. आणि त्याच वेळी, एवढं उभ्या गावाला सांगायला माझी जीभ रेटली नसती, हेही मला माहीत होतं.

सोमवारी फिल्टरशेजारी रिकामी भिंत. काज करणारी बाई ताईंच्या समोर येऊन रडली म्हणे. ताई तिला म्हणाल्या, "रडू नको, बटण बंद कर."

शनिवार आला. मी सवयीने टेबल पुसलं, कागद काढला आणि मग आठवलं. ताई खिडकीशी बसून शिलाई मशीनचं एक जुनं शटल घासत होत्या, त्याला घासण्यासारखं काही नव्हतं. मला ते बघवेना. मी हेडफोन उचलले आणि 'पीठ फुगेपर्यंत' लावलं. खरं सांगायचं तर तोवर मी ते ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मी नुसती टिक शोधत होते. आता ऐकलं. बाई श्वास घेते, खाली ठोका येतो, ती पुन्हा श्वास घेते, आणि गाणं आता सुरू होईल असं सारखं वाटत राहतं. ते सुरू होत नाही आणि तरी काही कमी पडत नाही. सात मिनिटं मी हलले नाही.

"ताई," मी हेडफोन काढत म्हणाले, "मला हे आवडलं. खोटं नाही बोलत. मधला एक तुकडा लांबलाय, दीड मिनिट कापायला हवं होतं. पण ती शेवटची घंटा काय सुरेख आहे हो."

शटल घासणारा हात थांबला. "कसली घंटा?"

डॉक्टरांचं बोलणं मला त्या क्षणी कळलं.

"शेवटच्या मिनिटात," मी म्हणाले. "खूप उंच, बारीक. दर श्वासानंतर एकदा. लांबून आल्यासारखी."

"किती वेळा?"

मी परत लावलं आणि मोजलं. "नऊ."

"ठोक्यावर येते की ठोक्याच्या नंतर?"

मी तिसऱ्यांदा लावलं. एवढं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नसेल. "नंतर. केसभर उशिरा."

ताई उठल्या. स्पीकर सुरू करून स्क्रूड्रायव्हर कानामागे लावला आणि शेवटचं मिनिट पूर्ण ऐकलं. मी प्रत्येक घंटेला त्यांच्या मनगटावर बोट टेकवत गेले. नऊ वेळा. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण गाल ओले झाले. माझेही झाले.

मग त्या येऊन टेबलाशी बसल्या. "लिही," म्हणाल्या. "आणि मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर बदलायचं नाही."

"नाही बदलणार."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. सोमवारी ते फिल्टरशेजारी लागलं आणि पुढच्या रविवारी अकरा वाजता ताईंनी ते स्वतः वाचलं :

'पीठ फुगेपर्यंत, बेकरीतल्या मुलीचं रीमिक्स. खालचे ठोके माझ्या जबाबदारीवर ऐका. मधलं दीड मिनिट लांबलं आहे, असं भावजय म्हणते आणि ते बरोबर आहे. शेवटी नऊ वेळा एक बारीक घंटा वाजते. मला ती ऐकू येत नाही. भावजयीला येते. तिच्या शब्दावर मी मशीनखाली हात घालीन.'